उताराच्या आखूड नाल्यात कयाक: सातपुड्याच्या पायथ्यासाठी माहिती हवी / द्यावी

अनेरकाठ (धागाकर्ता)

कोलाडच्या कुंडलिकेवर नाहीतर हृषीकेशला कयाक (वल्ह्याने, म्हणजे पॅडलने चालवायची एकट्याची अरुंद बोट) शिकलेले लोक घरी आले की एकच विचारतात: आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात कुठे? जागा आहेत. अनेर, गोमाई, सुकी, मोर यांना वरून येऊन मिळणारे कितीतरी नाले थोडक्या अंतरात डोंगर उतरतात. अडचण वेळेची आहे. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी असतं, ते कधी येणार हे आधी कळतं. आपला नाला दुपारी कोरडा, संध्याकाळी लाल लोंढा आणि दुसऱ्या दिवशी घोट्याइतका. मधला जो थोडा वेळ मिळतो त्यातच बोट घालायची. तो ओळखता आला पाहिजे.

आधी हिशेब. समजा पाणलोट १० चौरस किलोमीटर आहे आणि तासाभरात ५० मिमी पाऊस पडला. म्हणजे ५ लाख घनमीटर पाणी. जमीन आधीच भिजलेली असेल आणि त्यातलं ६० टक्के त्याच तासात वाहून आलं, तर सेकंदाला साधारण ८३ घनमीटर. पाच-सहा मीटर रुंद नाल्यात कयाकला लागतं ३ ते ६ घनमीटर. जोराच्या एका सरीत नाला हवा त्याच्या निदान तेरा-चौदा पट फुगतो, तेही तासाभरात. म्हणून चढत्या पाण्यावर उतरायचं नाही, फक्त ओसरत्या.

पाणी मोजायला यंत्र लागत नाही. दगड नसलेला १० मीटर सरळ तुकडा बघा. वरच्या टोकाला वाळकी काटकी टाका, खालच्या टोकाला वेळ घ्या, तीनदा. रुंदी पावलांनी, खोली काठावरून बांबूने. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून शेवटी ०.८ ने गुणायचं. ६ मीटर रुंद, सरासरी अर्धा मीटर खोल, १० मीटरला ५ सेकंद: ६ × ०.५ × २ × ०.८ = ४.८ घनमीटर, म्हणजे सुमारे १७० क्युसेक. चांगलं पाणी आहे.

मग पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा आणि पंधरा मिनिटं बघत बसा. रेषा दगडाच्या खाली सरकली तर तयारीला लागा. बोटाच्या जाडीइतकी जरी वर चढली तरी कयाक परत गाडीवर. आपल्या डोक्यावर ऊन असलं म्हणून निर्धास्त राहू नका: अनेर, गोमाईचा वरचा पाणलोट मध्य प्रदेशात जातो, तिथला पाऊस आपल्याला दिसतही नाही. पाणी एकदम गढूळ होणं, पालापाचोळा आणि काड्या तरंगत येणं, तळातले गोटे घरंगळल्याचा घुमणारा आवाज, यातलं काहीही झालं की काठ चढायचा. आधी माणसं, बोटी मागून, जमलं तर.

बाकीच्यांनी भर घालावी.

---

काळा_पाषाण

पाण्याचं झालं, आता खडकाचं. हिमालयातला गोलसर गोटा डोळ्यापुढे ठेवून इथे आलात तर फसाल. आपला बसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर असा बसलेला आहे. वरचा थर घट्ट, खालचा कित्येकदा सच्छिद्र नाहीतर लालसर आणि मऊ. धबधबा मऊ थर आधी खातो. वरून साधी पायरी दिसते, पण पाण्याच्या पडद्यामागे कपार पोखरलेली असते. उलटलेली बोट त्या पोकळीत ढकलली गेली की माणसाला बाहेर यायला जागा राहत नाही.

दुसरं, उभ्या भेगा. बसाल्ट उभा तडकतो, त्यामुळे पात्रात खांबासारखे तुकडे सुटतात आणि त्यांच्या फटीतून पाणी आरपार जातं. पाणी जातं, माणूस अडकतो. ओळखायचं कसं? जेवढं पाणी वरून येताना दिसतं तेवढं खाली बाहेर पडताना दिसत नसेल, तर उरलेलं दगडाखालून चाललंय. तसंच दगडावर पाणी आपटून त्याची उशी तयार होत असेल तर दगड भरीव आहे. जोराचा प्रवाह दगडाकडे जातोय, पण उशी नाही, पाणी गुपचूप आत शिरतंय, तर खालून पोखरलेला समजा.

तिसरं, रांजणखळगे. उथळ पाण्यात पाय टेकवायला जाल आणि घोटा त्यात अडकेल. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहायचंच नाही. पाठीवर, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ.

हे सगळं बघायची वेळ एप्रिल-मे. नाला कोरडा असताना वरून खाली चालत जा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा, पायरीखालच्या डोहाची खोली लिहून ठेवा. पावसाळ्यात लाल पाण्याखाली काय आहे ते दुसऱ्या कुठल्याही रीतीने कळणार नाही. मात्र पूर येऊन गेल्यावर जुने फोटो अर्धेच कामाचे. गोटे हलतात, झाडं नव्याने आडवी होतात.

---

नवखा_भुसावळ

उत्तम धागा. दोन प्रश्न. एक, सर्व्हेच्या नकाशावरून उतार कसा काढायचा? दुसरा, वर बसायची प्लॅस्टिकची रुंद कयाक आहे, धरणाच्या पाण्यात चालते ती. सोप्या नाल्यात चालेल का?

---

अनेरकाठ

नकाशाचं: १:५०,००० च्या पत्रकावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. नाल्यावरून जाणाऱ्या रेषा मोजा, अंतर दोऱ्याने मोजा. किलोमीटरला २० मीटर उतार म्हणजे सलग काम. ४० च्या पुढे गेलं की जवळजवळ प्रत्येक वळणावर उतरून बघावं लागतं. पण सरासरीवर जाऊ नका. किलोमीटरला ४० मीटर म्हणजे सारख्या चाळीस छोट्या पायऱ्याही असतील, नाहीतर २५ मीटरचा एकच कडा आणि बाकी हलका उतार. शिवाय १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे पूर्ण लपू शकतो. नकाशा फक्त कुठे चालत जायचं ते सांगतो.

आणखी एक, रावेर-यावल-चोपड्याच्या बाजूला डोंगर संपला की बझाडा पट्टा लागतो. गोटे आणि वाळूचा जाड थर, पाणी पिऊन टाकणारा. वर बोटीला पुरेल इतकं पाणी असतं आणि पायथ्याला येईपर्यंत ते जमिनीत मुरलेलं असतं. बाहेर पडायची जागा हा पट्टा सुरू व्हायच्या आधी ठरवा, नाहीतर वीस किलोची बोट खांद्यावर घेऊन गोट्यांतून चालावं लागेल.

---

डोहवाला

नवखा भाऊ, ती बोट धरणातच ठेवा. तिच्यात गुडघ्यांची पकड नसते, त्यामुळे कडेवर तोलता येत नाही, उलटली तर सरळ करता येत नाही. दगडात फक्त वजन.

या कामाला क्रीक बोट. लांबी अडीच ते पावणेतीन मीटर, पोटात साधारण २८० ते ३४० लिटर हवा, दोन्ही टोकं वर वळलेली, वजन २० ते २३ किलो. टोकं वर असल्याने पायरी उतरल्यावर नाक पाण्यात घुसत नाही, आणि आकारमान जास्त असल्याने बुडाली तरी लगेच वर येते. आत पाय टेकवायला खुंट्या असतील तर त्या काढून सपाट फळी आणि तिच्यावर फोम. दगडावर नाक आपटलं की खुंटीवरून पाय घसरून पुढे अडकतो. मागच्या पोकळीत हवेच्या दोन पिशव्या, फुगवून. त्या नसल्या तर उलटलेली बोट पाण्याने भरते, आणि तशी बोट एका माणसाला हलत नाही.

पॅडल १९० ते २०० सेंमी, गटात एक जोडपॅडल सुटं करून बोटीत. हेल्मेट कानशिलं झाकणारं. कोपरपॅड हवेतच, आपला बसाल्ट किसणीसारखा आहे. तरंगायच्या जाकिटाला चटकन सुटणारा पट्टा असला तर उत्तम, पण तो कसा सोडायचा हे शिकल्याशिवाय त्याला दोर लावू नका. स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसून बोटीचं तोंड बंद करणारं झाकण) ओढायची पट्टी बाहेर आहे ना, हे प्रत्येकाने दुसऱ्याचं तपासायचं. ती आत दुमडून राहिली तर उलट्या बोटीतून सुटता येत नाही.

बोटीची निगा: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. पॉलिइथिलीनची बोट गाडीच्या टपावर आवळून उन्हात ठेवली की तळाला खोलगट पोचा पडतो. पट्टे सैल करा, सावलीत कुशीवर ठेवा. पोचा पडलाच तर गरम पाणी ओतून आतून दाबा, बऱ्यापैकी उठतो. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक मात्र ठिसूळ होतं. आसनाखाली आणि नाकाशी केसासारखी रेघ दिसली तर ती बोट नाल्यासाठी संपली.

---

शहादेकर

सगळे धबधब्याला भितात. आपल्या भागात खरा धोका माणसाने बांधलेल्या गोष्टींचा आहे, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सिमेंट नालाबांध. दिसायला मीटर-दीड मीटर उंच, वरून पाणी एकसारखं गुळगुळीत सांडतं. नैसर्गिक पायरीखाली पाणी कुठेतरी फुटतं, बाजूला वाट मिळते. इथे भिंत सरळ आणि दोन्ही काठांना बाजूच्या भिंती, त्यामुळे खालचं पाणी सगळ्या रुंदीभर उलटं फिरून भिंतीकडे परत येतं. बोट, माणूस, लाकडाचा ओंडका, जे पडेल ते तिथेच फिरत राहतं. जाकीट असूनही माणूस वाचत नाही, कारण फेसाळ पाण्यात तरंगायला आधारच कमी असतो. वरून येताना खाली काहीच दिसत नाही, फक्त पात्राला आडवी एक सरळ रेघ. निसर्गात इतकी सरळ रेघ नसते. दिसली की काठाला लागा आणि बोट उचलून पलीकडे न्या. उंची किती का असेना.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यात काढलेल्या असतात, पण खांब राहतात. दोन खांबांत बोट आडवी बसली की प्रवाह तिला घडी घालतो. गॅबियन बंधाऱ्याची (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला) जाळी फाटली की तारा बाहेर येतात, त्यात कपडा, दोर, जाकीट काहीही गुंततं.

सगळ्यांत वाईट फरशी पूल. खाली सिमेंटचे पाइप, त्यांच्या तोंडाशी काटक्या-झुडपांचा बोळा. पाणी आत ओढतं आणि माणूस बोळ्यावर चिकटून राहतो. पूल बुडालेला असेल तर वरून कळतही नाही. रस्ता कुठून आडवा जातो हे नकाशावर आधी बघा, आणि पुलाच्या वर निदान पन्नास मीटरवर बाहेर पडा.

खाली शेतं लागली की पाणबुडी मोटारीच्या केबली आणि पात्रात आडवे दोर. केबल तुटलेली दिसली तर त्या पाण्यात हात घालू नका, शेतकऱ्याला हाक मारून वीज बंद करायला सांगा.

---

नवखा_भुसावळ

शहादेकर दादा, हे छापून ठेवण्यासारखं आहे. आता पायरीवरून उतरायचं कसं ते कोणी सांगेल का? व्हिडिओत बोट सपाट पडते, प्रत्यक्षात नाक खाली जातं.

---

डोहवाला

त्याला बूफ म्हणतात, आणि नाक खाली जातं ते जवळजवळ नेहमी पॅडल लवकर मारल्याने. क्रम असा.

पायरीच्या आधी दगडाच्या आडोशाच्या शांत पाण्यात थांबून वेग घ्या, पाण्यापेक्षा थोडा जास्त. पाण्याच्याच वेगाने गेलात तर पाणी तुम्हाला खाली ओढेल. काठाशी पोचताना शेवटचा फटका, त्याचं पातं पायरीच्या ओठावर, जिथे पाणी वाकायला लागतं तिथे रोवायचं. बोटीचं नाक ओठाच्या बाहेर गेलेलं असताना ते पातं कमरेपर्यंत ओढायचं आणि त्याच क्षणी कंबर पुढे ढकलून गुडघे छातीकडे उचलायचे. हात ओढतात, पण बोट उचलते ती कंबर. पडताना लगेच अंग पुढे वाकवा. मागे रेलून पडलात तर धक्का थेट मणक्यात जातो.

फटका लवकर पडला तर उचललेलं नाक ओठावरच परत टेकतं आणि मग खाली झुकतं. उशीर झाला तर पात्याला धरायला पाणीच मिळत नाही. अर्ध्या मीटरच्या पायरीवर हे बसेपर्यंत मोठ्या पायरीकडे बघू नका.

---

काळा_पाषाण

एक दुरुस्ती सुचवतो. प्रत्येक पायरी सपाट पडून घ्यायची नसते. खालचं पाणी पांढरं, फेसाळ असेल तर हवेमुळे ते मऊ असतं, सपाट पडणं चालतं. पण तीनेक मीटरवरून हिरव्या, शांत डोहात सपाट आपटलात तर कमरेचा मणका दबून मोडू शकतो. अशा वेळी नाक तीस ते पंचेचाळीस अंशात खाली ठेवून पाण्यात शिरायचं. त्यासाठी डोह खोल हवा, आणि ते मे महिन्यात मोजलेलं हवं. खोली माहीत नाही आणि पाणी फेसाळही नाही, म्हणजे ती पायरी उचलून पार करायची.

---

डोहवाला

मान्य. मी लिहिलं ते दीड-दोन मीटरच्या आतल्या, खाली फेस असलेल्या पायरीसाठी. नवख्याने त्याच्या वर जाऊच नये.

---

थ्रोबॅग

दोराचं माझ्याकडून.

निदान तिघे. एक जण उतरतो, दोघे काठावर जागा धरून, मग पाळी बदलते. दोघांत हे जमत नाही: एक अडकला की उरलेल्याला दोरही टाकायचा आणि पाण्यातही जायचं, एकाच वेळी.

थ्रो बॅग (फेकायची दोराची पिशवी) १५ ते २० मीटरची, तरंगणारा दोर. जागा निवडताना आधी खाली बघा: दोर धरलेला माणूस झोक्याने काठाकडे येईल तिथे शांत पाणी आहे की पोखरलेला दगड? दगड असेल तर जागा चुकली. आधी हाक मारा, नजर भिडली की माणसाच्या अंगावरून पलीकडे टाका. दोर स्वतःला बांधू नका, हाताला गुंडाळू नका. पाण्यातल्या माणसाने पाठीवर होऊन दोर खांद्यावरून छातीशी धरायचा, म्हणजे तोंड पाण्याच्या वर राहतं.

दगडावर बोट आडवी लागली तर दगडाकडे झुकायचं, त्याला मिठी मारल्यासारखं. घाबरून प्रवाहाकडे कललात की पाणी कडेवर चढतं आणि बोट उलटून गुंडाळते. बोट अडकली तर आधी माणसाचं डोकं पाण्याबाहेर ठेवायची सोय करा. दोन काठांवर दोघांनी दोर ताणून त्याच्या छातीपुढे आणला की त्याला टेकायला आधार मिळतो. बोट सोडवणं नंतर.

त्यासाठी गटात तीन कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), दोन प्रुसिक (दोरावर आवळून बसणारे बारीक दोरीचे फास), दोन कप्प्या आणि चार मीटरची पट्टी. दोर बोटीपासून काठावरच्या नांगराच्या (पक्क्या आधाराच्या) कप्पीतून, तिथून मागे दोरावर प्रुसिकने लावलेल्या दुसऱ्या कप्पीतून, परत नांगराकडे, असा झेड केला की ओढ कागदावर तिप्पट होते, घर्षणात थोडी जाते. नांगरासाठी काठावरचं पळसाचं रोपटं नको, पुराने मुळं उघडी पडलेली असतात. हलणार नाही एवढा मोठा धोंडा बघा, पट्टी त्याच्या बुडाशी घाला. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

खुणा ठरवून घ्या, पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. शिट्टी एकदा: माझ्याकडे बघा. तीनदा: संकट. पॅडल उभं: या. आडवं: थांबा. हाताने दिशा दाखवायची ती नेहमी मोकळ्या वाटेची, धोक्याची कधीच नाही.

---

रावेरची_ताई

रोलचा (उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं) सराव कुठे करायचा हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते: शेततळ्यात नाही. केळीच्या पट्ट्यात गावोगाव शेततळी आहेत, पाणी स्वच्छ, कोणी बघायला नाही, मोह होतो. पण प्लॅस्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरतं आणि उतार इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. माणसं अशीच बुडतात. धरणाच्या फुगवट्यात, उतरता मातीचा काठ असेल तिथे, कंबरभर पाण्यात, शेजारी एक जण उभा करून सराव करा.

नाल्यातला रोल वेगळा असतो. उलटलात की लगेच पुढे वाकून तोंड बोटीच्या पुढच्या झाकणाला टेकवा, हेल्मेट आणि जाकीट दगडाचा मार घेतील. मागे रेलून करायचे सगळे रोल विसरा, चेहरा उघडा पडतो. कमरेने बोट फिरवा, डोकं सगळ्यात शेवटी वर. डोकं आधी काढायला गेलात की बोट परत उलटते. दोन प्रयत्नांत नाही आलं तर स्कर्ट ओढा आणि बाहेर.

---

शहादेकर

परवानगीचं राहिलं. यावल अभयारण्य आणि अनेर धरण अभयारण्य या दोन्ही ठिकाणी वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. चाळीसगावकडे पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, तिथेही तेच. अभयारण्याबाहेरही राखीव वन असतं, वनरक्षकाला विचारलेलं बरं.

पाड्यावर आधी जाऊन बसा. पोलीस पाटलाला सांगा किती जण, कुठून शिरणार, किती वाजेपर्यंत बाहेर. गुरं चारणाऱ्याला नाल्याचं जितकं कळतं तितकं नकाशाला कळत नाही. "पूर उना का?" (पूर आला का) एवढं विचारलं तरी वरचा पाऊस, कुठली पायरी ढासळली, कुठे झाड पडलंय, सगळं मिळतं.

चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ ला जे झालं ते लक्षात ठेवा. रात्रभराच्या पावसाने डोंगरी आणि तितूर नद्या गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी आल्या. म्हणजे पूर आला त्याच वेळी रस्ताही बंद. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला फोनला रेंजही भरवशाची नाही, १०८ ला फोन लागेल अशी जागा जाताना हेरून ठेवा.

---

अजिंठा_उतार

केरळात कोडंचेरीजवळ चालिपुळा, इरुवंजिपुळा या अशाच आखूड नद्यांवर मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. तिथे जाऊन बघणं, जमलं तर शिकणं, हे आपल्याकडच्या पहिल्या नाल्याआधी करावं असं माझं मत. फक्त तिथली वेळ इथे लावू नका. तिथे पाऊस दिवसेंदिवस लागून असतो, पाणी टिकतं. आपल्याकडे सर येते आणि जाते.

---

नवखा_भुसावळ

शेवटचा प्रश्न: पाणी ओसरतंय हे कळलं, पण उतरून अर्ध्यात पोचेपर्यंत ते फारच कमी झालं तर?

---

अनेरकाठ

म्हणूनच पहिल्या वेळी दोन किलोमीटरांच्या वर तुकडा घेऊ नका. प्रत्येक मोठ्या पायरीवर उतरून बघणं, दोर लावणं, बोटी उचलणं धरलं तर तेवढ्यालाही तीन-चार तास जातात. सुरुवातीला ५ घनमीटर असेल तर शेवटाला ३ राहील असं धरा. ३ ने सुरुवात केली तर शेवटी बोट दगडावर घासत बसेल, आणि उथळ पाण्यातच बोटी अडकतात. मधे दोन ठिकाणी तरी काठ चढून पायवाटेला लागता येईल असं मे महिन्यातच बघून ठेवा आणि तिथे झाडाला रंगीत चिंधी बांधा. दुपारी तीननंतर पाण्यात शिरायचं नाही, पावसाळ्यात दरीत अंधार लवकर पडतो आणि दुपारची सर बहुतेक त्याच सुमाराला येते.